वसुधाचा जांभळा भात

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सला, माझ्या बहिणीच्या सोसायटीच्या गच्चीवर होते. भाताच्या लोंब्यांवर चिमण्या बसू नयेत म्हणून जाळी बांधत होते. भाची एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली. तू ये." मी हातातली गाठ पुरी मारली आणि मग खाली उतरले. का मारली, ते अजून मला कळलेलं नाही... त्या लोंब्यांत वाचवण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हा दोघी बहिणींना आदल्याच दिवशी कळलं होतं.

वसुधा माझ्यापेक्षा धाकटी. वडील साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी झालेले. त्यांची ही लेक महापेच्या एका बियाणे कंपनीत भाताच्या जनुकांवर काम करायची. जांभळा भात तिच्या डोक्यात बसला तो कायमचा. त्या रंगात पोषण असतं, तो गरिबाच्या ताटात यायला हवा, असं तिला वाटे. पण तिच्याकडच्या वाणात रंग देणारं जनुक आणि वाढ खुंटवणारं जनुक एकाच गुणसूत्रावर खेटून बसलेली. रोप जांभळं झालं की गुडघ्याएवढंच राहायचं, दाणेही मोजकेच धरायचं. उंच झालं की हिरवं. "एका गोधडीत झोपलेल्या बहिणी समज ताई," ती म्हणायची, "एकीला उठवलं की दुसरी उठतेच. हजारो रोपांत एखाद्यात तरी त्या सुटतील. मला ते एक रोप पाहिजे." त्या एका रोपासाठी ती हंगामामागून हंगाम संकर करत राहिली. प्रत्येक वेळी तेच... ठेंगणी जांभळी, उंच हिरवी.

मग कंपनीने तो प्रकल्पच बंद केला. तिचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं बी हवं तर घेऊन जा, आम्ही टाकणारच आहोत." त्याच सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी आमच्यापासून काही लपवलं नाही.

तिने ते बी गच्चीवर प्लास्टिकच्या बादल्यांत लावलं. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "मॅडम, स्लॅब लीक झाला तर टॉप फ्लोअरवाले मला पकडतील." तिने डोक्याचा स्कार्फ सारखा केला आणि म्हणाली, "बादल्यांना भोकं नाहीत. आणि हा एकच हंगाम." ते खाली गेले. मी रोज सकाळी कामोठ्याहून यायचे. केमो झालेल्या अंगाने ती भिंतीला धरून जिना चढायची. मी चिडायचे, "झोप ना गं जरा. भात कुठे पळून चाललाय?"

"भात नाही, ताई," ती म्हणायची.

आणि ते रोप आलं. जांभळं, आणि बाकीच्या सगळ्या जांभळ्यांपेक्षा दुपटीने उंच. वसुधा तिथेच तापलेल्या गच्चीवर बसली आणि रडली. "सुटल्या गं..." एवढंच म्हणत राहिली. रोप फुलोऱ्यात आलं त्याच आठवड्यात तिला नेरूळच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिथून ती रोज एकच विचारायची, "दाणे भरतायत का?" मूठभर बी मिळालं असतं तर कुणीतरी पुढे लावलं असतं.

शेवटच्या भेटीत मी खरं ते सांगितलं. दाणे बोटांत दाबून पाहिले होते. सगळे पोचट.

"सगळे?"

"हो."

"फुलोऱ्यात ऊन फार होतं. स्लॅब तापतो. उन्हाने गेले, की रोपातच खोट होती... आता कसं कळणार, ताई?" तिने माझं मनगट धरलं. "उपटू नको. वरून कापून खोडवा धर. बुंध्याला फुटवा येईल." माझ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं.

मी खोडवा धरला. दिवसकार्य चालू असतानाही पाणी घालायला जात होते. बुंधा आधी पिवळा पडला, मग काळा. फुटवा आला नाही. मुक्ता म्हणाली, "मावशी, राहू दे आता." तरी मी आणखी काही दिवस पाणी घातलं.

परवा भाजी घेताना माझ्या हातांनी आपसूक वांग्याचं देठाकडचं हिरवं टोपरं उचकटलं. वसुधाची ही सवय. भाजीवाले वैतागायचे, पण टोपराखाली पांढरी राहिलेली साल पाहिल्याशिवाय ती वांगं घ्यायची नाही. "रंगाचं जनुक तिथेही असतं, ताई," ती मला दर वेळी नव्याने सांगायची, "उजेड पोचला नाही, म्हणून रंग धरला नाही." भाजीवाली म्हणाली, "मावशी, किडकं नाय ते, कशाला फाडता?" मी म्हटलं, "माहीत आहे गं." आणि पुढचं वांगं उचललं, त्याचंही टोपरं उचकटलं, मग त्याच्या पुढचं...