मोटारीतला भंडारा

आई गेल्यावर वडिलांनी पुढचं काही बोलणंच सोडलं होतं. रानात काय पेरायचं विचारलं, की "पुढचं कुणी बघितलंय?" म्हणून विषय मिटवायचे. मला आधी राग यायचा, आणि राग ओसरला की भीती वाटायची.

त्यांना बोलतं केलं ते माझ्या मिलिंग मशीननं. हौसेपायी सोलापुरातून आणलेलं हे जुनं, छोटं यंत्र मी तेर गावच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत बसवलं. लोखंडाचा तुकडा टेबलावर घट्ट बांधायचा आणि हँडल फिरवून कटरखाली सरकवायचा, की हवा तसा तासला जातो. वडील आधी नुसते दारात उभे राहायचे. मग स्टूल घेऊन आत आले, आणि बघता बघता हँडल त्यांच्याच हातात गेलं. "तुज्या हाताला दम न्हाय, सरक तिकडं," म्हणायचे. यंत्र माझं आणि धाकात मीच! पण मी आनंदानं सरकायचो.

दसऱ्याला त्यांनी यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत यंत्राच्या विजेच्या मोटारीनं मान टाकली. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. वडिलांनी स्टूल उचललं आणि ते ओसरीत जाऊन बसले. "जाऊ दे, आता काय करायचंय तिला," एवढंच म्हणाले. ही दुरुस्ती आता हौसेची राहिली नव्हती.

पट्टा काढला. पुलीला हातानं झटका देऊन लगेच बटण दाबलं, तर मोटार गुमान फिरायला लागली. म्हणजे आतलं तारांचं वायंडिंग शाबूत होतं, फक्त सुरुवातीचा धक्का मिळत नव्हता. तो धक्का देणारा कंडेन्सर गेला असेल म्हणून धाराशिवहून नवा आणून बसवला. पुन्हा तीच गुरगुर. मी चिडून पक्कड भिरकावली आणि मग टेबलाखाली रांगत ती मलाच शोधावी लागली.

शेवटी प्लग काढून मागचं झाकण उघडलं. कंडेन्सरला वीज पोचवणारा स्विच तिथं आत असतो. त्याच्या दोन पॉइंटांमध्ये तेलात कालवल्यासारखी घट्ट हळद बसली होती.

मग आठवलं. दसऱ्याला वडिलांनी चालू यंत्रावर 'येळकोट' म्हणत अणदूरच्या खंडोबाचा भंडारा मूठभर उधळला होता. मोटारीच्या पंख्यानं तो आत ओढून घेतला. आणि मी शहाणा शेजारी हात जोडून उभा होतो.

हे त्यांना सांगितलं, तर 'माज्याच हातानं बिघडली' म्हणून ते पुन्हा खोलीत पाऊल टाकणार नाहीत, अशी मला खात्री होती. पॉइंट पेट्रोलच्या फडक्यानं पुसले, बारीक पॉलिश पेपरनं घासले आणि सगळं जोडलं. बटण दाबताच मोटारीनं वेग घेतला.

आवाज ऐकून वडील दारात आले.

"काय झालतं?"

"धूळ बसली होती, अण्णा. दुसरं काही नाही."

त्यांनी माझा हात धरून बोटं उलटीपालटी केली. ती पिवळीधमक होती. मी दुसरी थाप शोधत राहिलो.

"माजाच भंडारा की रं ह्यो," ते म्हणाले, आणि खो खो हसले. किती दिवसांनी! "पुढच्या दसऱ्याला आधी मशीन बंद करू, मंग उधळू."

पुढच्या दसऱ्याला, म्हणाले. मी त्यांचं स्टूल आणायला ओसरीत गेलो, आणि जरा वेळ तिथंच डोळे पुसत उभा राहिलो.