देवावर सोडलेले

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, एक बुटकी खोली आहे. तिथल्या बॉयलरची वाफ भिंतीतल्या नळांतून वर जाते. चादरी तिच्यावर धुतल्या जातात आणि शस्त्रक्रियेची हत्यारेही तिच्यावरच निर्जंतुक होतात. हा बॉयलर सव्वीस वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामांचा शांतपणा रुग्णालयभर प्रसिद्ध होता. बॉयलर फुटला तरी मामा हातातला चहा संपवूनच पळतील, असे धुलाईघरातल्या मावशी म्हणत आणि हा विनोद मामांनाही मान्य असावा.

पत्नीच्या पोटात गाठ निघाली तेव्हा या शांतपणाला खरे तर तडा जायला हवा होता. तसे झाले नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला मामा एकच उत्तर देत: देवावर सोडलंय. सकाळची प्रार्थना ते पूर्वीच्याच शब्दांत, पूर्वीइतकाच वेळ म्हणत. लोकांना या श्रद्धेचे कौतुक वाटे. कौतुकाचा एक धोका असतो. ज्याचे होते तो माणूस हळूहळू त्याला जपू लागतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मामांनी रजा घेतली नाही. दुसऱ्या पाळीच्या बॉयलरवाल्याचा हात मोडलेला, परवाना असलेला तिसरा माणूस नाही. निवृत्त झालेला जुना बॉयलरवाला बदलीला येणार होता, पण दुपारी दोनला. कारण खरे होते आणि सोयीचेही होते. नऊ वाजता पत्नीला आत नेले तेव्हा मामा खाली बॉयलरचे पितळी कॉक, म्हणजे तोट्या, पुसत होते.

साडेदहाला मेहुणी खाली आली. वरच्या बाकावर ती दीड तास एकटीच बसली होती. शस्त्रक्रिया लांबते आहे, रक्त जास्त जाते आहे, एवढे तिला एका परिचारिकेकडून कळले होते. ते तिने सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि नेहमीचे उत्तर दिले.

मेहुणी दारातच उभी राहिली. "देवावर सोडलंय, देवावर सोडलंय. दोन महिने ऐकतेय, दाजी. मला तर दिसतंय, तुम्ही ताईला नुसतीच सोडलीत. देवाचं नाव उगाच घेता."

उत्तराची वाट न पाहता ती जिना चढून गेली.

मामांनी फडके खाली ठेवले. नजर सवयीने पाण्याच्या काचेकडे गेली. बॉयलरच्या अंगावर उभी बसवलेली ही जाड नळी आतल्या पाण्याची पातळी दाखवते. दुसरी काच गळत असल्याने बंद होती. होती ती एवढीच. पाणी निम्म्याच्या वर दिसत होते. सकाळी आठलाही ते तिथेच होते. मामांना शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती: आत उकळी असते, म्हणून काचेतले खरे पाणी क्षणभरही स्वस्थ राहत नाही, ते थरथरते. स्वस्थ पाणी दिसले की समजावे, खालचे तोंड गाळाने बुजले आहे आणि काच खोटे बोलते आहे.

हे पाणी चित्रासारखे स्थिर होते.

दर पाळीच्या सुरुवातीला काच झाडून, म्हणजे तिच्यातले पाणी सोडून ते पुन्हा भरते का, हे पाहायचे असते. सव्वीस वर्षांत मामांनी हे काम कधी चुकवले नव्हते. आज चुकले होते. सकाळभर ते स्वतःलाच इतके घट्ट धरून बसले होते की दुसरे काही पाहायला उसंत उरली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टर बोलत होत्या. हत्यारांचा आणखी एक संच वाफेच्या पेटीत लावला आहे, मामांच्याच पेशंटसाठी. वीस मिनिटे वाफेचा दाब पडू देऊ नका.

आत पाणी पुरेसे असेल तर काहीच करायची गरज नव्हती. नसेल तर तापलेले लोखंड उघडे पडत होते. आग चालू ठेवली तर ते फाटणार, आणि घाबरून गार पाणी सोडले तर तत्काळ फुटणार. आग बंद केली तर दाब उतरणार. वीस मिनिटे देवावर सोडायची, एवढेच मनाने सुचवले. वाक्य ओठांवर तयारच होते. मामांना प्रथमच त्या वाक्याची लाज वाटली.

त्यांनी बर्नर बंद केला. सिस्टरांना फोन करून सांगितले की आग बंद केली आहे, आहे त्या वाफेवर जितके होईल तितके होईल. सिस्टर म्हणाल्या, "मामा, तुम्ही म्हणता म्हणजे कारण असेल."

मामांनी काचेच्या तळाचा निचऱ्याचा कॉक उघडला. काच रिकामी झाली. वरचा वाफेचा कॉक बंद करून खालचा पाण्याचा उघडला. पाणी आले नाही. त्यांनी कॉक पुन्हा फिरवला, पुन्हा, आणखी एकदा. दाबमापकाचा काटा उतरू लागला होता.

"देवा, मला भीती वाटतेय," ते मोठ्याने म्हणाले. "ती गेली तर मला काही सुचणार नाही. मला जमत नाहीये हे."

दोन महिन्यांच्या प्रार्थनेत हे शब्द एकदाही आले नव्हते. यानंतर त्यांना काही दिसले नाही, कोणते आश्वासन ऐकू आले नाही. भीतीही गेली नाही. फक्त ती आता त्यांना एकट्याला धरून ठेवावी लागत नव्हती. ही जी मोकळीक होती तिला शांती म्हणावे की नाही, याचा विचार मामांनी पुढे अनेकदा केला. त्या वेळी त्यांनी कॉक फिरवला.

खाकरल्यासारखा आवाज झाला, काळा गाळ उडाला आणि पाठोपाठ पाणी आले. निचरा बंद करून वरचा कॉक उघडताच ते काचेत चढले आणि तळापासून बोटभर उंचीवर थांबले. धोक्याच्या खुणेच्या खाली, पण दिसण्याइतके. मामांनी पंप चालू केला, पातळी वर येऊ दिली, मग आग लावली. काटा पेटीला लागणाऱ्या किमान दाबाच्या रेघेला टेकून वळला. सिस्टरांचा फोन आला: संच बाहेर काढला, आत दिला.

दोन वाजता बदलीचा माणूस आला. मामा तेल लागलेल्या कपड्यांनीच वर गेले आणि मेहुणीशेजारी बसले. शस्त्रक्रिया संपली होती. पत्नीला शुद्ध यायची होती. मामांनी मेहुणीला एवढेच सांगितले की तिचे बरोबर होते. ती बाकावर थोडी सरकून बसली.

पत्नी त्या दिवशी वाचली. गाठीचा अहवाल मात्र चांगला आला नाही. पुढचे उपचार लांबचे होते. तिसऱ्या दिवशी, ती उशीला टेकून बसू लागली तेव्हा, मामांनी तिला बॉयलरची हकीगत सांगितली आणि आपण घाबरून देवाला काय म्हणालो तेही.

"मला वाटायचं, मी एकटीच घाबरलेय," ती म्हणाली. "तुमच्यासमोर घाबरायची चोरी झाली होती. तुम्ही असे साधुमहाराज."

मामा हसले. मग तिने प्रार्थना म्हणायला सांगितली. मामांनी नेहमीचे शब्द सुरू केले, पण तिने हात धरून त्यांना थांबवले.

"ती नको. परवा म्हणालात ती."

मामांनी ती म्हटली. शेवटचे वाक्य दोघांनी मिळून म्हटले, फक्त 'मला'च्या जागी 'आम्हाला' घालून.