मायची झोपेची गोळी

दिवाळीनंतर मी सिहोऱ्याजवळच्या माहेरी गेले, तेव्हा धान कापून शेताच्या बांध्यांत पडलं होतं आणि माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या डुलत होती. भर सकाळी. मला बघून हसली, पण "आली का बाई" हे शब्द तिच्या तोंडातून एकमेकांना चिकटून बाहेर आले.

"आता असंच हाय त्यायचं," वहिनी हळूच म्हणाली. "कालच न्हाणीत पडल्या. तुमचे भाऊ म्हणतात, वय झालं."

मला ते पटेना. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या वेळी हीच बाई चिखलात उभी राहून मजूरबायांवर ओरडत होती. मी दिवसभर तिच्या मागे मागे फिरले. ती विहिरीकडे वळली की मी आधी जाऊन काठाशी उभी राहायचे. दुपारी जेवण झाल्यावर तिनं कमरेचा बटवा काढला आणि सुपारी टाकावी तसं काहीतरी पटकन तोंडात टाकलं. मी बटवा घेऊन उघडला. आत झोपेच्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या होत्या.

बाबा गेले तेव्हा एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी ती गोळी दिली होती. ते थोडे दिवस संपलेच नव्हते. जुनी चिठ्ठी दाखवून ती आणत राहिली. संपली की शेजारच्या म्हातारीकडून उसनी घ्यायची, कारण तिलाही तीच गोळी होती. आधी रात्रीच घ्यायची, मग दुपारीही, मग जीव घाबरला की केव्हाही.

"माय, ही नशा झाली ना," मी म्हणाले.

मी थापड मारल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "नशा? मी का दारू पेऊन राहिली का? तुह्या बापाले जन्मभर दारूले हात लावू नाही देला मी, अन् तू मले नशेबाज म्हणते?"

ती उठली, भिंतीला धरत चुलीपाशी गेली आणि सगळ्या पट्ट्या विस्तवात टाकल्या. "घे. जळली तुही नशा."

आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. भाऊ तर हसला.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहा लुगड्यावर सांडला. थंडीतही घाम फुटला होता. ताप असेल म्हणून मी कपाळाला हात लावला, तर ताप नव्हता. त्यानंतरच्या सकाळी ती चादरीवरून काहीतरी वेचायला लागली. "मुंग्या झाड ना बाई, किती झाल्या!" चादर कोरी होती. मी दोन्ही हातांनी चादर झटकली, तरी ती वेचतच राहिली. आणि मग एकाएकी तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले.

शेजाऱ्याच्या गाडीत तिला घातलं. वाटेत तुमसर मागे पडलं, मोहाडी मागे पडली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि श्वास चालू आहे की नाही हे बघायला मी सारखी तिच्या नाकाशी बोट नेत होते.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काही नशापाणी?"

"नाही नाही," भाऊ लगेच म्हणाला.

"झोपेच्या गोळ्या," मी म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून. परवा सगळ्या जाळून टाकल्या."

त्यांचा चेहराच बदलला. "या गोळ्या अशा एकदम सोडल्या तर झटके येतात. माणूस हातचा जातो."

त्यांनी त्याच जातीचं औषध पुन्हा सुरू केलं. भाऊ गोंधळला. "जिच्यानं बिमार पडली तेच देता मॅडम?"

"तेच देऊ आणि हळूहळू कमी करू. घाई कोणी करायची नाही."

शुद्धीवर आल्यावर मायनं सगळं ऐकून घेतलं. "मंग मी खरंच नशेत होती का बाई?" मी तिची चादर सारखी करू लागले. तीच पुढे म्हणाली, "मले तं फक्त झोप पायजे होती. बाजूची तुह्या बापाची खाट रिकामी दिसे."

मी तिला भंडाऱ्याला माझ्या घरी आणलं. गोळी कमी केली की त्या आठवड्यात घरात सगळे जपून बोलायचे. ती चिडायची, रडायची, जेवणाचं ताट सरकवायची. मी बाहेर गेले तरी जीव घरात असायचा.

उन्हाळ्यात एका दुपारी मी बाजारातून आले तर ती घरात नव्हती. चपला नव्हत्या. मी गल्ल्यांमधून पळत सुटले, एका ऑटोखाली येता येता वाचले. माय सापडली ती मेडिकलच्या पायरीवर, पदरानं तोंड पुसत बसलेली.

"घेतली?" मी तिचा बटवा चाचपत विचारलं.

"मागितलीच नाही. इथवर आली अन् बसली." तिनं माझ्याकडे हात केला. "माह्यानं उठवत नाही आता. तूच घेऊन चाल."

पावसाळ्यात गोळीचा शेवटचा तुकडाही बंद झाला आणि ती गावी परतली. आता बोलते स्वच्छ, पडत नाही, वहिनीशी भांडतेही. झोप मात्र थोडीच येते. "नाही आली तं पडून राहते," म्हणते. फोनवर ती एखादा शब्द अडखळत बोलली की मी अजूनही उभी राहते, आणि काही ना काही विचारत तिला बोलतं ठेवते.