पुंजाजीचा पानाचा दगड

माझा भाऊ पुंजाजी खामगावच्या एका कापसाच्या जिनात बॉयलरवर होता. अठरा वर्षं. चांद्याकडून मालगाडीनं कोळसा ये, हा हातोडीनं फोडे अन् भट्टीत लोटे. मी त्याच जिनात कापसातला कचरा वेचत होते. शेवटी शेवटी त्याले असा खोकला लागला की थुंकीही काळी पडे. डॉक्टरनं साफ सांगतलं, बॉयलर सोड, नाहीतर दोन हिवाळेही काढणार नाहीस. सोडून खाईल काय, हे त्या डॉक्टरले कोण विचारते!

एक दिवस कोळशासंगं आलेला काळा दगड फोडला तं आत पान निघालं, शीर न् शीर उमटलेली. मालकाकडं नागपूरचे प्रोफेसर नारायणराव पाहुणे होते. दगड पाहून ते तिथंच भुईवर बसले. म्हणे हे पान कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, त्या मेलेल्या रानाचाच कोळसा झाला. दगडाच्या पापुद्र्यांत त्या झाडांची परागासारखी बीजधूळ असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तिथं दलदल होती का कोरडं रान, हे कळते. ते मुंबईले चालले होते. दसऱ्यानंतर येऊन दगड नेतो, कॉलेजात दाखवतो अन् पुंजाजीले तिथंच शिपाई लावतो, असं कबूल केलं. तोवर जिवापाड जप म्हणाले.

अन् त्यानं जपला. खंडेनवमीले जिनात बॉयलरपासून हातोडीपर्यंत सारं धुऊन, तेल लावून पूजतात. वेड्यानं दगडालेही न्हाऊ घातलं, जवसाचं तेल चोळलं, हळद वाहिली. मी पाहत होते. मलेही ते बरंच वाटलं, खोटं काऊन बोलू!

नारायणराव आले. फडक्यातून दगड काढला तं बोटांले पिवळं तेल लागलं. मग हळूच सांगतलं की तेल-हळद अन् तिच्यासंगं आजच्या झाडांची बीजधूळ पापुद्र्यांत मुरली, आता जुनी धूळ कोणती अन् आजची कोणती, ओळखता येणार नाही. नुसती पानं तं कॉलेजात टोपलीभर पडली आहेत.

"साहेब, तुमीच तं जप म्हणाले होते," पुंजाजी म्हणाला.

"हो. कसं जपायचं ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

चूक कबूल केल्यानं जागा थोडीच मिळते! ते जलंबची गाडी धरून निघून गेले.

पुंजाजीनं त्याच दिवशी दगड भट्टीत टाकला. सकाळी राख ओढली तं तो विटकरी होऊन निघाला, पान जसंच्या तसं. दुसरा हिवाळा माझ्या भावानं पाहिला नाही.

दगड माझ्यापाशी आहे. दर खंडेनवमीले काढते, कोरड्या फडक्यानं पुसते अन् परत ठेवते. तेलाचं बोट लावत नाही.