पाळीविना साठलेलं पाणी

डॉ. यादोराव सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, फ्रिजसमोर झाली. मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. भौतिकशास्त्राचे सर फ्रीजरमधला बर्फ चमच्याने खरवडत होते.

"ग्रीनलंडवर काम करता म्हणे. कधी गेलात तिकडे?" मी विचारलं.

"नाही जी. आपलं ग्रीनलंड एवढंच," म्हणत त्यांनी फ्रिजचं दार लावलं.

गोंदियाच्या उन्हाळ्यात बसून ध्रुवाकडच्या हिमात मुरलेल्या पाण्याचं गणित संगणकावर मांडणाऱ्या या गृहस्थांना आमच्या कॉलेजने दरवर्षी परीक्षेची बैठकव्यवस्था दिली; आकडेमोड चांगली म्हणून. सरांनी तीही मन लावून केली.

सरांनी साठी गाठली आहे. त्यांच्या शोधनिबंधांची यादी या गौरवग्रंथात अन्यत्र आहेच. मी त्यांच्या एका चुकीबद्दल लिहितो आहे. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

सर नवेगाव बांधकडच्या कोहळी घराण्यातले, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे. पाणी थांबवायचं तर पाळ, म्हणजे मातीचा बांध हवा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हिमाखाली वितळलेलं पाणी साठतं हे जगाला ठाऊक होतं. कुठे साठतं, हा सरांचा विषय. त्यांच्या नकाशात खोलगट जागी पाणी होतं, उतार सगळे कोरडे.

त्याच नकाशावर विसंबून त्यांची विद्यार्थिनी रजनी परदेशी चमूबरोबर ग्रीनलंडला जाणार होती. जागा उतारावरची, म्हणून कोरड्या हिमात चालणारं छिद्रण यंत्र. खाली पाणी निघालं तर यंत्र भोकातच गोठून अडकणार आणि रजनीचा एकुलता एक हंगाम पीएच.डी.सकट बुडणार.

निघायला पंधरा दिवस असताना सर होळीला गावी गेले, मलाही नेलं. कोरड्या नाल्यात त्यांच्या वहिनी रेती उकरून झिरा काढत होत्या. हातभर खाली पाणी! सर बघतच राहिले.

"काऊन जी भाऊजी, पानी पायलं नाही का कधी?"

"वहिनी, इथं पाळ नाही. उतार आहे."

"मंग? पानी का पाळीले पुसून थांबते? रेतीत अटकून राह्यते. वरची रेती झाकून हाये म्हून ऊनबी लागत नाही. एवढं शिकलेत कायले जी?"

परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "जुन्या हिमाचे कण रेतीसारखेच. वर ताज्या हिमाची जाड रजई असली की थंडी खाली पोचतच नाही, पाणी गोठत नाही. मी उतार पाहिला, रजई पाहिलीच नाही."

"आता सांगाल तर दहा वर्षांचं नाव जाईल," मी म्हटलं.

"न सांगितलं तर पोरीचं वर्ष जाईल."

त्या आठवड्यात त्यांनी गणित पुन्हा मांडलं, नवा नकाशा काढला आणि सगळ्यांना पत्र धाडलं: माझा आधीचा नकाशा चुकला आहे, ते यंत्र नेऊ नका. कारणात वहिनींचा झिरा होता, वहिनींच्या नावासकट. काही विद्वानांना हसू आलं. चमूने कुरकुरत यंत्र बदललं.

मे महिन्यात स्टाफरूममध्ये फोन वाजला. "सर, पाणी लागलं! भरपूर!" रजनी ओरडत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी विचारलं, "किती खोल?" तिने सांगितलं. नव्या नकाशातल्या खोलीपेक्षा बरंच वर.

"म्हणजे पुन्हा चुकलं," सर म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सरांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. अजून पुष्कळ नकाशे चुकायचे आहेत, आणि आपला चुकला असं वेळेत कळवणारा माणूस आमच्यात दुसरा नाही.