लाल पाण्याचा घोट

माझ्या चुलतसासऱ्यांइतका पाण्याला भिणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. पुराला, डोहाला सगळेच भितात. काकाजी तांब्यातल्या पाण्याला भीत. कोणी पेला पुढे केला की विंचू दिसल्यासारखे मागे सरत. पाणी आधी उन्हात धरून निरखायचं, मग हुंगायचं, निवळीची बी उगाळून गाळ खाली बसू द्यायचा, चौपदरी धोतरातून गाळायचं आणि शेवटी चुलीवर निम्मं होईस्तोवर उकळायचं. एवढे सोपस्कार झाल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नसे. "काकाजी पान्याचं वरन शिजवते," असं आमच्या गावच्या, मेडशीच्या बायका म्हणत. बाहेरगावी जाताना ते स्वतःचं पाणी गडूत भरून नेत, आणि गडू संपला की तहानलेले परत येत.

या गडूपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. बोलणी करायला सासरची मंडळी माझ्या माहेरी धनजला आली होती. उन्हातून आलेल्या पाहुण्यांना रिवाजाप्रमाणे गूळपाणी दिलं. काकाजींनी गूळ खाल्ला आणि पाणी शांतपणे तुळशीला घातलं. माझ्या वडिलांचा पारा चढला. "आमच्या पान्यात काय इख हाये?" काकाजी हात जोडून म्हणाले, "इखाले वास तरी येते हो, पावने. मी ज्याले भेतो, त्याले कायीच नसते." सगळे हसले. दाराआड उभ्या माझ्या अंगावर मात्र काटा आला.

सासरी आल्यावर कारण कळलं. काकाजी बैलबाजाराला गेले असताना काकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विहिरीच्या दूषित पाण्यातून आलेल्या पटकीने एकाच दिवशी गेले होते. तेव्हापासून गावविहिरीच्या ओट्यावर त्यांचा पहारा असे. काठावर धुणं धुणारीवर ते काठी उगारत, दोर जमिनीला लागला की पुन्हा धुवायला लावत. मीही कितीदा त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि मनातल्या मनात परतही दिल्या.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना, वैशाखात, पटकी आमच्या गावात शिरली. पहिल्या दोन तिरड्या एकाच गल्लीतून उठल्या. तालुक्याहून सरकारी माणूस आला, त्याने विहिरीत औषध टाकलं, "उद्यापासून हेच पाणी प्या" म्हणाला आणि घाईने निघून गेला. पाणी लालजांभळं झालं. मग काय, गावाने धसकाच घेतला. कोणी म्हणे विहिरीत रक्त टाकलं, कोणी म्हणे रोग्यांना लवकर संपवायचं औषध आहे. बायका घागरी घेऊन थेट नाल्यावर जाऊ लागल्या आणि वाळूत झिरे खणून पाणी भरू लागल्या. वरच्या अंगाला आजाऱ्यांची धुणी चालली होती, ते दिसत असूनही कोणाला दिसत नव्हतं. वाहतं पाणी शुद्धच असतं, असं माझ्या सासूबाईही छातीठोकपणे सांगत.

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. घरात काकाजी उकळून देत होते, पण पोर नुकती चालायला लागलेली. शेजारीपाजारी फिरे, आणि कोणीही मायेने तिच्या तोंडाला पेला लावी. तिला कुठे कुठे अडवणार? मी काकाजींपुढे रडले. "काकाजी, माही पोर वाचवा."

काकाजी मग उठून विहिरीवर गेले, पोहरा सोडला आणि मोठ्याने हाक देऊन लोक गोळा केले. पोहऱ्यातलं लाल पाणी गडूत ओतलं. त्यांनी निरखलं नाही, हुंगलं नाही, गाळलं नाही. डोळे मिटून घटाघट प्याले आणि निंबाखाली बसले.

"आता बसा पायत," ते म्हणाले. "मेलो तं मीच सांगतो."

लोक खरंच बसले. दुपार कलली. काकाजींनी नुसतं पोटावर हात फिरवला तरी पन्नास माणसं श्वास रोखत. एकाने तर जवळ जाऊन त्यांची नखं निळी पडली का ते तपासलं आणि वर शिव्या खाल्ल्या. उन्हं उतरली तेव्हा काकाजींनी भाकर मागितली, आणि सासूबाई मुकाट्याने घागर घेऊन विहिरीकडे गेल्या. त्यांच्या मागे सारी गल्ली गेली. त्यानंतरही चार तिरड्या उठल्या, नाल्याचं पाणी आधीच प्यालेल्यांच्या. माझी पोर वाचली.

भाकर वाढताना मी विचारलं, "काकाजी, त्या दव्यात काय हाये, तुमाले ठावं होतं?"

"नाही वं पोरी. लय भेव वाटलं."

"मंग पेले कायले?"

"कोनाले तरी प्या लागे ना. अन् माह्या मागं रडनारं हाये कोन?"

असं बोलून ते भाकरीचा तुकडा मोडू लागले.

पुढे कित्येक वर्षांनी ते म्हातारपणाने, अंथरुणात, शांतपणे गेले. मी इतकी रडले, की परगावाहून आलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "हे लेक हाये का त्यायची?" माझ्या मुलीने त्यांना हो म्हणून सांगितलं.