मी म्हंजे कोन?

कुलूप लावलं की भाऊ ते ओढून पाहायचे. चार पावलं जायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. शेजारी एक्स-रेच्या रांगेत बसलेले पेशंट गालातल्या गालात हसायचे. भाऊंना त्याचं काही नसायचं. "हसू दे. कुलूप निघालं त कोनी हसनार नाही," एवढंच म्हणायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी माणूस असेलच. घरात कोणी जरासं उशिरा आलं तरी चौकशी करणारा, पेढा देणाऱ्याकडे आधी बघून मग पेढ्याकडे बघणारा. आमचे भाऊ त्या सगळ्यांचे गुरू शोभले असते.

खामगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नवीन होते आणि मला वाटायचं की एवढं काय त्यात! एका बारक्या खोलीत सर्व्हर होता. चिखली आणि दुसरबीडला आमचे छोटे दवाखाने होते. तिथले डॉक्टर दुरून लॉगिन करून पेशंटचे जुने कागद आणि रिपोर्ट बघायचे. खोलीचं दार आतून बंद असायचं. बाहेरून कोणी ठोठावलं की आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उत्तर यायचं, "मी."

"मी म्हंजे कोन? मी त मीबी आहो."

एकदा खुद्द सेक्रेटरीसाहेब बाहेर उभे होते. दवाखाना त्यांच्या शब्दावर चालायचा. आवाज ओळखून मी उठले, तर भाऊंनी हातानंच मला खाली बसवलं. साहेबांनी आडनावासकट नाव सांगितलं तेव्हा कडी निघाली. त्या दिवसापासून साहेबांच्या मनात भाऊंविषयी अढी बसली ती बसलीच.

एका सकाळी भाऊ अर्धा चहा तसाच ठेवून उठले. चहा अर्धवट सोडणारा माणूस नव्हता तो, म्हणून मी घाबरले. ज्या सॉफ्टवेअरनं दुरून लॉगिन होतं, त्यातच एक भोक सापडल्याची बातमी त्यांनी वाचली होती. मला समजावं म्हणून ते दाराकडे बोट दाखवत बोलले. "समज, कोनी दारात येऊन नुसता उभा राह्यला. नाव सांगत नाही, काही नाही. आपन थोडा टाइम वाट पाहतो, मग दार लोटाले जातो. त्या लोटालोटीत कडीच निसटते. पासवर्ड नाही, नाव नाही, अन् मानूस घरात!"

पुढच्या क्षणी त्यांनी दुरून येण्याची वाट पार बंद केली. कुणाला विचारलं नाही.

लगेच फोन वाजायला लागले. चिखलीचे डॉक्टर तर तावातावानं बोलत होते. समोर पेशंट बसलाय, रिपोर्ट वाचून दाखवा, म्हणाले.

"आवाज त डॉक्टरसाहेबाचाच वाटून राह्यला," भाऊ म्हणाले, "पन आवाज कोनीबी काढते. तुमच्या दवाखान्यातल्या नळाले तोटी हाय का?"

"नाही! कधीची सांगून ठेवलीय तुम्हाला!"

"मंग तुमीच." आणि त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला.

दुसरबीड त्यांचं स्वतःचं गाव. तिथल्या डॉक्टरांना हवे असलेले कागद त्यांनी पाकिटात घालून स्वतः नेले. एसटीत पाकीट मांडीखाली ठेवून बसले होते, असं नंतर कंडक्टरनंच कुणाला तरी सांगितलं. कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला तरी भाऊ पाकीट दाबूनच बसले होते म्हणे.

मला मात्र वैताग आला होता. सगळ्यांच्या शिव्या मी खात होते. शेवटी बोलून गेले, "भाऊ, इथं कोण येणार आहे चोरायला? खोकल्याच्या औषधाचे कागद!"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "माह्या बहिनीले छातीची बिमारी झाली होती. दवा घेऊन बरी झाली. पन दवाखान्यातल्या एका मानसानं हॉटेलात चहा पेता पेता तिचं नाव घेतलं. बस, नावच घेतलं. लगन ठरलं होतं, मोडलं. मंग कोनी पाहाले आलंच नाही." आणि सर्व्हरकडे पाहत म्हणाले, "याच्यात कागद नाही पोरी. नावं हायेत."

माझा वैताग तिथंच विरला. त्यांच्या डब्यात येणारी मेथीची भाजी त्या बहिणीच्या हातची असायची. तिच्या वाफ्यातली मेथी. मी ती कितीदा चाखली होती आणि कधी विचारलं नव्हतं की ही बाई भावाकडेच का राहते.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "तुम्ही दवाखाना अडवून धरलाय. उगाच महत्त्व वाढवायचा धंदा आहे हा. की तुमच्याच हातून काही बिघडलंय आणि झाकताय? उद्या सकाळी चालू झालं पाहिजे. नाहीतर चाव्या टेबलावर ठेवा."

सकाळ झाली. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या मशीनसाठी अजून आलं नव्हतं. भाऊ सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि चाव्या टेबलावर ठेवल्या. त्या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार होतं?

"साहेब, मले काढा. पन दार उघडाले मले सांगू नका," भाऊ म्हणाले. "खामगावात एक घर नसन ज्याचं नाव त्याच्यात नाही. तुमच्याबी घरचं असन. मी पाह्यलं नाही, पाहतबी नाही."

साहेब चाव्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या बोटानं भाऊंकडे सरकवल्या आणि म्हणाले, "ते सॉफ्टवेअर आलं की लगेच चालू करा." त्यांच्या घरातलं कोणतं नाव त्यांना आठवलं, ते मी विचारलं नाही. भाऊंच्या संगतीनं मलाही तेवढं कळायला लागलं होतं.

सॉफ्टवेअर आलं, बसवलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. भाऊंनी लॉगिनच्या जुन्या नोंदी डोळे लाल होईस्तोवर तपासल्या. शेवटी मीच म्हटलं, "म्हणजे कोणी आलंच नव्हतं तर!"

"आला नाही असं मी म्हनत नाही. दिसला नाही म्हनतो."

ते निवृत्त झाले त्या दिवशी हार झाले, नारळ झाला. बहिणीला घेऊन ते दुसरबीडला राहायला जाणार होते. मग मला खोलीत नेऊन म्हणाले, "माह्यं नाव काढ. माह्या समोर काढ." सर्व्हरवर त्यांचं लॉगिन 'भाऊ' याच नावानं होतं. माझे डोळे भरून आले. ते वैतागले. "काऊन रडते? गेलेल्या मानसाची चावी ठेवत नसतात."

पुढच्या सोमवारी नोंदीत दिसलं की दुसरबीडहून 'भाऊ' नावानं कोणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न केला होता. दार उघडलं नव्हतं. मी फोन लावला. "भाऊ, तुम्हीच ना?"

"हाव. पाहून राह्यलो, खरंच काढलं का नाही ते." कुलूप ओढून पाहत होते!

मग दर सोमवारी ती ओळ दिसायची. ती दिसली की मला बरं वाटायचं. भाऊ खुशाल आहेत, एवढं त्यातून कळायचं.

एका सोमवारी ती दिसली नाही. दुपारी फोन आला. बाईचा दबका आवाज. "मी बोलून राह्यले."

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणजे कोण?"

"भाऊची बहीन," ती म्हणाली. "भाऊ गेला."

त्यानंतर खूप दिवसांनी, सोमवारीच, नोंदीत पुन्हा 'भाऊ' आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की हे दार उघडावं. मग कुठून आलाय ते पाहिलं. दुसरबीडहून नव्हतं, कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून होतं. 'भाऊ' हे नाव आपल्याकडे कुणालाही सुचेल. मी ती वाट बंद केली, खोलीला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. चार पावलं गेले, परत आले आणि पुन्हा ओढलं. रांगेतलं कोणीतरी हसलं.